टेंभुर्णीखालचा झिपऱ्या

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टपेलो बेंड गावच्या शाळेची पिवळी बस हॉलिस पिंकार्ड चालवायचे, त्या काळातली पोरं आता आजी-आजोबा झाली आहेत. पण चर्चच्या जेवणाला त्यांतली चार टाळकी जमली की अजूनही विषय निघतो तो बसचाच. हीटर कधी चालला नाही. दार दोरीनं ओढून लावावं लागायचं. आणि हॉलिस बस चालवता चालवता देवाची गाणी म्हणायचे. शब्द आठवले नाहीत की वाटेवरच्या घरमालकांची नावं त्यात घालायचे. पोरं पोट धरून हसायची आणि रविवारी चर्चमध्ये तेच गाणं लागलं की पुन्हा हसून आयांचे चिमटे खायची.

रोवेना स्टॅगची जागा हॉलिसच्या पाठीमागची, पहिल्या बाकावरची. तिचं घर रस्त्याच्या पार टोकाला, दलदलीच्या काठावर. त्यामुळे सकाळी ती सगळ्यांत आधी चढायची आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी उतरायची. यॅन्सींचे डेल्मर आणि क्लाईड तिच्या जरा आधी उतरायचे. ते गेले की शेवटचा तुकडा ती आणि मिस्टर हॉलिस, दोघंच. कधी बोलत, कधी नुसतेच बसून. घरी तिच्याशी इतक्या सावकाशीनं बोलायला कुणाला वेळ नव्हता. वडील एव्हरेट लाकूडतोडीच्या टोळीवर, आई आयडा कोंबड्या, धुणं आणि धाकट्या दोघांत बुडालेली.

हॉलिसना बायको-मुलं नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं थोडं रान होतं. त्यात ते गोड धाटांची ज्वारी लावत आणि शरदात तिची काकवी करत. त्यांच्या काकवीइतकाच त्यांचा शब्द गावात प्रसिद्ध. दोन माणसांत माशाच्या लांबीवरून वाद पेटला आणि हॉलिस तिथे हजर असले, तर ते सांगतील तीच लांबी. त्यांनी कधी बोटभरही वाढवून सांगितलं नव्हतं.

झिपऱ्याची गोष्ट मात्र त्या मुलखात सगळ्यांचीच होती. अंगभर केस असलेला, माणसासारखा दोन पायांवर चालणारा तो कुणीतरी त्या दलदलीत राहतो, हे रोवेनाच्या आजोबांच्याही आजोबांनी सांगितलेलं. कोंबडी हरवली, झिपऱ्यानं नेली. पोरगं जेवेना, झिपऱ्याला बोलावू का? नवरा उशिरा घरी आला, तर वाटेत झिपऱ्या आडवा आला होता. त्याच्यावर पुरता विश्वास कुणाचा नव्हता आणि पुरता अविश्वासही कुणाचा नव्हता. दूरच्या गावी राहणाऱ्या चुलत्यासारखा तो होता. भेट कधी नाही, पण नातं आहे.

रोवेना अकरा वर्षांची होती, त्या नोव्हेंबरात हे घडलं.

दलदलीच्या पुलाअलीकडे रस्त्याला लागून एक जुनी टेंभुर्णी होती. कच्चं टेंभूर खाल्लं तर जीभ आवळून तोंडाचा चामड्याचा बटवा होतो. पण एकदा कडक दहिवर, गोठलेलं दव, पडून गेलं की तेच फळ मधासारखं होतं, सालीतून गळायला लागतं. पहिलं दहिवर पडलं की हॉलिस तिथे बस उभी करत आणि उरलेल्या पोरांना खाली उतरवत. शाळेच्या नियमात ते बसत नव्हतं. पोरांनीही घरी ते सांगितलं नव्हतं. सांगावं लागू नये म्हणून उतरण्यापूर्वी सगळी तोंडं पुसून घेत.

त्या दिवशी बसमध्ये तिघंच उरली होती. ऊन तिरपं झालं होतं. झाडाची पानं गळून गेली होती आणि नुसती केशरी फळं फांद्यांना लटकली होती. हॉलिसनी वेग कमी केला, गाणं थांबवलं आणि मग बस जागच्या जागी उभी केली. झाड अजून तीस-चाळीस पावलं पुढे होतं.

झाडाखाली कुणीतरी बसलं होतं.

रोवेनाला आधी वाटलं, मळक्या कांबळ्यातला कुणी भटक्या असेल. मग ते कांबळं हललं आणि तिच्या लक्षात आलं की ते कांबळं नाही. तांबूस, काळपट केस होते ते. गुडघ्यापर्यंत चिखलानं चिकटलेले, पाठीवर गोखरू अडकलेले, खांद्यांवर पिकलेले. तो उकिडवा बसून खाली पडलेली फळं वेचत होता. एक उचलायचा, बोटांत फिरवून बघायचा, नाकाशी न्यायचा. पसंत पडलं नाही तर बाजूला ठेवायचा. पसंत पडलं तर तोंडात टाकून बिया एकेक करून थुंकायचा. त्याला कसलीही घाई नव्हती.

मागून क्लाईड यॅन्सी रडायला लागला. डेल्मरनं त्याचं तोंड दाबलं. बस मागे घ्या, मागे घ्या, असं डेल्मर पुटपुटत होता. हॉलिसनी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. सगळीकडे इतकं शांत झालं की बिया पाचोळ्यावर पडल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"बसा जागेवर," हॉलिस अगदी हळू म्हणाले. "तो आधी आलाय. त्याचं खाऊन होऊ दे. आपला नंबर नंतर."

किती वेळ गेला, ते रोवेनाला कधीच सांगता आलं नाही. उघड्या खिडकीतून ओल्या कुत्र्याचा आणि कुजक्या पाल्याचा मिसळलेला वास येत होता. तिला भीती वाटली नाही असं नाही. हातांनी तिनं पुढची दांडी घट्ट धरली होती. पण भीतीच्या वर काहीतरी दुसरंच पसरलं होतं. कुणाच्या घरात चुकून डोकावावं आणि घरातलं माणूस जेवताना दिसावं, तसं काहीतरी.

शेवटी त्यानं मान वळवून बसकडे बघितलं. तो दचकला नाही. बहुधा बस आल्याचं त्याला आधीपासूनच ठाऊक होतं. मग तो हातावर भार देऊन उठला, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे धरतात तसा जरा थांबला आणि दोन पायांवर चालत वेतबनात शिरला. वेत थोडा वेळ हलत राहिला.

हॉलिस खाली उतरले. टोपीत टेंभरं वेचली, बसमध्ये आणून तिघांना वाटली. फळं त्यांनी चांगली पारखून आणली होती.

पोरांनी घरी सांगितलंच. क्लाईडनं रडत सांगितलं, डेल्मरनं चढवून सांगितलं, रोवेनानं होतं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात लोकांनी हॉलिसना गाठलं, तेव्हा त्यांनीही लपवाछपवी केली नाही. हो म्हणाले, तोच होता. बाकी कुणी म्हणालं असतं तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण हॉलिस पिंकार्ड म्हणाले म्हटल्यावर कुणी हसलं नाही. आणि तिथेच सगळं बिघडलं.

आठवड्याभरात शेजारच्या परगण्यांतून, अगदी टेक्सासच्या बाजूनंसुद्धा गाड्या यायला लागल्या. गाड्यांत कुत्रे, बंदुका, बिअरचे खोके. दलदलीच्या कडेनं तंबू पडले. विधवा ओला क्रचफिल्डच्या तपकिरी खेचराच्या कानातून गोळी आरपार गेली. बाई दुसऱ्या दिवशी त्या खेचराच्या अंगावर पांढऱ्या रंगानं 'खेचर' असं लिहून त्याला घेऊन गावभर फिरली. लोक हसले, पण पांगले नाहीत. एव्हरेट स्टॅगही आपले दोन कुत्रे घेऊन तीन संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेला. रोवेनानं जाऊ नका म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, लहान मुलांनी यात पडायचं नसतं.

काही हाती लागेना, तसे लोक चिडीला आले. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की वेतबनच पेटवून द्यावं. तीन बाजूंनी जाळ करायचा आणि चौथ्या बाजूला बंदुका घेऊन उभं राहायचं. वेत वाळलेला होता, वारा सरळ होता. शनिवार ठरला. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. रान ज्या कंपनीचं होतं तिचा माणूस आला होता. ज्या एकमेव मोठ्या माणसानं ते बघितलं होतं, तो काय सांगतो हे ऐकल्याशिवाय कंपनी काडी लावू देणार नव्हती. हेडमास्तर थ्रॅशरही आले होते. बस भलतीकडे उभी केली आणि मुलांना भेदरवलं, म्हणून हॉलिसना कामावर ठेवायचं की नाही हा प्रश्न त्यांच्याकडे होताच. आणि मागच्या भिंतीला टेकून शिकारखात्याचा रखवालदार उभा होता.

रोवेना वडिलांशेजारी बसली होती. हॉलिस पुढे गेले. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

कंपनीच्या माणसानं विचारलं, तुम्ही नक्की काय बघितलंत?

हॉलिस थोडा वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "अस्वल होतं," ते म्हणाले.

खोलीत कुजबुज उठली. दुकानात तर तुम्ही वेगळं म्हणाला होता, असं कुणीतरी मागून म्हणालं.

"म्हणालो होतो. ऊन डोळ्यांवर होतं. नंतर विचार केला. अस्वलच ते. म्हातारं, अंगावरचे केस झडलेलं."

मागून एक जण हसला, मग दुसरा, मग सगळी खोलीच हसायला लागली. इतके दिवस रानोमाळ भटकलेली, थंडीनं काकडलेली माणसं होती ती. त्यांना कुणावर तरी हसायचंच होतं. कुणी म्हणालं, उद्या हॉलिस कोंबडीला गरुड म्हणेल. हॉलिस ऐकत उभे राहिले. मग शिकारखात्याचा रखवालदार भिंत सोडून पुढे आला आणि त्यानं सांगितलं की अस्वलं या राज्यात जवळजवळ संपली आहेत आणि ती मारायला बंदी आहे. उद्या त्या वेतबनात कुणी काडी लावली किंवा बंदूक चालवली, तर त्याला तो जातीनं तुरुंगात नेईल. कंपनीच्या माणसानं वही मिटली. हेडमास्तर थ्रॅशर हॉलिसजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला बस काढा म्हणाले.

रोवेनाच्या कानात नुसतं सणसणत होतं. परत जाताना वडिलांनी ट्रकमध्ये तिला समजावलं. डोळ्यांची चूक कुणाचीही होते, हॉलिसची झाली, तुझी झाली. सोमवारी बाईंना सांगून टाक की अस्वल होतं, म्हणजे विषय संपेल.

"अस्वल नव्हतं, डॅडी."

"रो, मोठा माणूस उभा राहून सांगतोय."

"मोठा माणूस खोटं बोलला."

त्यावर एव्हरेट एक शब्दही बोलला नाही. घरी पोचल्यावरही नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावरही नाही. हट्टी पोरीशी काय बोलायचं, असं त्याचं म्हणणं. शाळेत तर विचारूच नका. यॅन्सींच्या पोरांनी एका दिवसात अस्वल कबूल केलं. एकटी रोवेना उरली. तिला झिपऱ्याची नवरी म्हणायला लागले. तिच्या बाकावर कुणी केसांचे पुंजके आणून ठेवले. बाईंनी वर्गासमोर उभं करून विचारलं, तेव्हाही ती म्हणाली, अस्वल नव्हतं. बाईंनी सुस्कारा टाकला. वर्ग हसला.

बसमध्ये ती आता शेवटच्या बाकावर बसायला लागली. हॉलिस आरशातून तिच्याकडे बघत. त्यांचं गाणंही बंद झालं होतं. एकदा बाकीची पोरं उतरल्यावर त्यांनी विचारलं, पुढे येऊन बसतेस का, मागे वारा लागतो.

"बस राहिली ना तुमच्याकडे?" रोवेना जागेवरूनच म्हणाली. "मग झालं तर."

हॉलिसनी आरशावरची नजर रस्त्याकडे वळवली. तिच्या घरापाशी त्यांनी दार उघडलं आणि ती त्यांच्याकडे न बघता उतरून गेली.

त्यानंतरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, हॉलिस पायी चालत स्टॅगांच्या घरी आले. हातात काकवीची बरणी होती. एव्हरेट ओसरीवर कुत्र्यांच्या पायांतले काटे काढत बसला होता. आयडानं कॉफी आणून ठेवली. रोवेना जाळीच्या दाराआड उभी राहिली. हॉलिसना ती दिसत होती, आणि तिनं ऐकावं म्हणूनच ते जरा मोठ्यानं बोलत होते, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

हवापाण्याचं बोलून झालं. मग हॉलिस म्हणाले, "एव्हरेट, तुझी पोरगी खरं बोलते आहे. खोटं मी बोललो."

एव्हरेटनं कुत्र्याचा पाय सोडला.

हॉलिसनी सगळं सांगितलं. सभेच्या आधी ते त्या रखवालदाराला भेटून आले होते. झिपऱ्याला कुठलाच कायदा वाचवत नाही, पण अस्वलाला वाचवतो, एवढं त्यांनी विचारून घेतलं होतं. बस जाईल की राहील याचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता असं नाही, तेही ते म्हणाले. पण बस गेली असती तरी त्यांनी अस्वलच सांगितलं असतं. फक्त या सगळ्यात पोरीचं काय होईल, हे त्यांना सुचलं नाही.

"हे मला कशाला सांगता, मिस्टर हॉलिस?" एव्हरेट म्हणाला. "माझ्याकडे दोन कुत्रे आहेत आणि बंदूक आहे. मीही तिथे जाळ लावायला उभा राहणार होतो."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"पोरगी रोज मागच्या बाकावर बसते, एव्हरेट. मला ते स्टिअरिंगचं चाक धरवेनासं झालंय."

 मग एव्हरेटनं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, होता तरी कसा तो? हॉलिसनी उंची सांगितली नाही की दात सांगितले नाहीत. ते म्हणाले, "खाली पडलेलीच वेचत होता. फांदीला हात लावला नाही त्यानं. फिरवून फिरवून बघायचा, माझी आई बघायची तशी."

एव्हरेट उठला आणि दाराशी आला. जाळीच्या त्या बाजूला रोवेना, या बाजूला तो. त्याला शब्द सापडायला वेळ लागायचा. त्या दिवशी जरा जास्तच लागला.

"रो," तो म्हणाला, "शाळेत जे म्हणतात ते म्हणू देत. या घरात तुला खोटी कुणी म्हणणार नाही."

रोवेना तेव्हा रडली. सभेपासून ती एकदाही रडली नव्हती.

सोमवारी ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाली की तिची चूक झाली, ते अस्वलच होतं. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, हॉलिसनीही नाही. रविवारी रात्रभर पडल्या पडल्या तिनंच ते ठरवलं होतं. खरं बोलत राहिलं तर कुणीतरी एक जण तरी कधीतरी विश्वास ठेवील, आणि तो एक जण कुत्रे घेऊन जाईल, एवढं तिला कळलं होतं. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रामाणिकपणानं चूक कबूल करणं किती मोठं असतं, यावर वर्गाला चार शब्द सांगितले. रोवेना मान खाली घालून ऐकत राहिली. तिला हसू येत होतं आणि जीवही जळत होता.

त्या संध्याकाळी ती पहिल्या बाकावर बसली. हॉलिसनी आरशात बघितलं, गिअर टाकला आणि पुलापर्यंत पोचता पोचता त्यांना गाण्याची ओळ आठवेनाशी झाली, तिथे त्यांनी विधवा ओला आणि तिच्या खेचराचं नाव घातलं.

मग वर्षं गेली. हॉलिसनी बस सोडली; शेवटची काही वर्षं ते काकवी करत आणि ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. गावाच्या लेखी ते वारले तेही अस्वल न ओळखणारा माणूस म्हणूनच. त्यांच्या अंत्यविधीत पाद्रींनीसुद्धा त्यावर एक विनोद केला आणि लोक प्रेमानं हसले. रोवेनाही हसली. दलदलीचा निम्मा भाग उपसून तिथे सोयाबीन आलं. टेंभुर्णी रस्ता रुंद करताना गेली. आता गावात दर ऑक्टोबरात झिपऱ्याची जत्रा भरते. प्लायवूडचा दहा फुटी झिपऱ्या उभा करतात आणि त्याच्या तोंडाच्या जागी तोंड घालून लोक फोटो काढतात. डेल्मर यॅन्सी आता पंच्याहत्तरीला आला आहे. व्यासपीठावर बसून तो लाल डोळे आणि डरकाळी असलेली गोष्ट सांगतो, आणि ती दर वर्षी थोडी वाढते. रोवेना खाली खुर्चीत बसून ऐकते. त्याला खोडायचं तिच्या कधी मनात येत नाही. बिचाऱ्यानं त्या दिवशी डोळे मिटून घेतले होते.

तिला आठवतात ते वडील. एव्हरेट स्टॅगनं त्या हिवाळ्यात बंदूक काही विकली नाही. हरणं, बदकं तो मरेपर्यंत मारत राहिला. पण बाहेरचे शिकारी झिपऱ्याची चौकशी करत आले की तो आपणहून वाट दाखवायला पुढे व्हायचा आणि त्यांना दिवसभर नदीच्या पलीकडे, खुरट्या पाइनच्या रानात फिरवून संध्याकाळी दमवून परत आणायचा. रोवेनाकडे तो विषय त्यानं बरीच वर्षं काढला नाही. ती लग्न होऊन गेली, पुढे परत त्याच घरात राहायला आली, आई गेली. मग एका शरदात दोघंच ओसरीवर बसली असताना तो एकदम म्हणाला, "सांग गं, कसा होता?"

तिनं सांगितलं. चिखलाचे गुडघे, पिकलेले खांदे, नाकाशी नेलेलं फळ, सगळं. एव्हरेट डोळे मिटून ऐकत राहिला. पुढच्या शरदात त्यानं पुन्हा विचारलं. मग दर वर्षीच विचारायला लागला. म्हातारपणी त्याला पुष्कळ गोष्टी आठवेनाशा झाल्या, नातवंडांची नावंसुद्धा. पण मध्येच रोवेना एखादा तपशील विसरली की तो हात वर करून तिला थांबवायचा आणि म्हणायचा, बिया राहिल्या, बिया एकेक करून थुंकत होता ना?

असं वाटावं की त्या बसमध्ये तोही बसला होता.

आता ओसरीवर ती एकटीच असते. हवा सुटली, गारठा पडला की तिला हटकून वाटतं, शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी विचारील. कुणी विचारत नाही. मग ती मनातल्या मनात पहिल्यापासून सगळं सांगते, सावकाश, काहीही न वाढवता.